अनवाणी चेअरमन

परळी वैजनाथ,
१२ एप्रिल १९८७

सिद्धेश्वरअप्पा यांस गहिनीनाथाचा रामराम.

माझं पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असं समजून महादेवी वहिनींनी डोळ्याला पदर लावला असेल, तर त्यांना आधी सांग की सगळे जिवंत आहेत. चौथीत मी शाळा सोडली ती लिहावं लागू नये म्हणूनच. तेव्हा माझी पाटी तू सांभाळायला म्हणून घरी नेलीस, ती अजून परत दिली नाहीस. तुझ्या सहकाराची सुरुवात तिथूनच झाली.

भट्टी बरी चालली आहे. सरकार कोळसा जाळून वीज मुंबईला पाठवतं आणि राख आमच्या नाकात ठेवतं. ती राख मातीत कालवून मी विटा पाडतो. लोक म्हणतात गहिनीनाथानं राखेचं सोनं केलं. सोनं कसलं, वीटच केली, पण लोकांना उपमा दिल्याशिवाय दुसऱ्याचा पैसा पचत नाही.

आता कामाचं. आमच्या परळीच्या एसटीचा कंडक्टर पंडित बीडमार्गे चौसाळ्याला मुक्कामी जातो. काल तो भट्टीवर येऊन म्हणाला, "शेठ, तुमचे चेअरमन अनवाणी हिंडायलेत." मी म्हणालो, चप्पल तुटली असेल. तो म्हणाला, "पंधरा दिवस तुटलेली राहायला ती काय सरकारी पाइपलाइन हाय का?"

तर बाबा, तू बिल्वेश्वर पतसंस्थेचा चेअरमन. तुझं किराणा दुकान तीन पिढ्यांचं. माझ्या जुन्या टोळीतल्या निम्म्या ऊसतोड्यांनी माझ्या शब्दावर तुझ्याकडे पैसा ठेवलाय. भिवराबाईला तर मी हाताला धरून आणलं होतं. पाच हंगामांचे चार हजार तीनशे, आणि त्यातून तिला वस्तीवर पिठाची गिरणी टाकायची आहे, म्हणजे पुन्हा कोयता धरायला नको. असल्या माणसांचा पैसा ज्याच्याकडे आहे त्यानं अनवाणी हिंडू नये. गावात माणसाचं तोंड नंतर दिसतं, पाय आधी दिसतात, कारण बहुतेकांची मान खालीच असते.

काय ते खरं कळव.

तुझा,
गहिनीनाथ


चौसाळा,
१९ एप्रिल १९८७

प्रिय गहिनीनाथ,
शरणार्थ.

पत्र मिळाले. पाटी माझ्याकडे नाही. ती तुझ्या वडिलांनी चुलीपुढे पाट म्हणून वापरली, हे तुला ठाऊक आहे.

पायांचे विशेष काही नाही. उन्हाळ्यात चामडे सोसत नाही, एवढेच. दुष्काळात बोलायला विषय कमी पडत नाहीत, तरी लोकांना माझे पाय पुरतात, याचे नवल वाटते. ओढा माघातच आटला. टँकर एक दिवसाआड येतो. शेतकऱ्यांकडे कर्ज अडकले आहे, पण ज्याच्या विहिरीत कावळ्याला पाणी नाही त्याच्या दारात वसुलीला माणूस पाठवणे मला जमत नाही. सेक्रेटरी त्यावरून रोज तोंड वाकडे करतो. पाऊस पडला की सगळे सुरळीत होईल.

भिवराबाई मागच्या बाजारी आली होती. गिरणीचा दगड कुठल्या खाणीचा चांगला, हे तिने मला अर्धा तास समजावले.

तुझा,
सिद्धेश्वर


परळी वैजनाथ,
२७ एप्रिल १९८७

अप्पा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चामडं सोसत नाही म्हणतोस. पंचेचाळीस वर्षं सोसलं, आणि नेमकं ज्या वर्षी रस्त्यावर भाकरी भाजेल असं ऊन आहे त्याच वर्षी सोसेना. तू लहानपणापासून खोटं बोलायला कच्चा. मी काय ते ओळखलं. वसुली नाही, दुकान उधारीत गेलं, आणि तुला माझ्याकडे तोंड उघडायची लाज वाटते. श्रीमंत मित्र असून काय उपयोग, असं मला इथं लोक विचारतात. मी सांगतो की मित्र श्रीमंत झाल्यावरच तर माणूस मागायचं सोडतो.

म्हणून या पत्रासोबत पंडितच्या हाती एक खोकं पाठवतोय. अस्सल कोल्हापुरी, दुहेरी तळाची, करकर वाजणारी. मापाचं मी विचारलं नाही. तुझ्या पायाचं माप मला ठाऊक आहे, शाळेत तू माझ्या पाठीत घातलेल्या लाथा मी विसरलो नाही.

एक गंमत. परवा स्टेशनसमोरच्या टपरीवर तुझा विषय निघाला, आणि त्यावरून मला आमचा म्हाळू मुकादम आठवला. तुला मी कधी सांगितलं का, कुणास ठाऊक. पंचवीस कोयत्यांची टोळी होती आमची. म्हाळू रात्री जोडा कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या, दारात काढून ठेवायचा. सकाळी उठलं की बाया आधी तिकडं बघायच्या. जोडा दिसला की मुकादम आहे, मुकादम आहे म्हणजे पैसा आहे. देवाचं दर्शन नंतर. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं, आणि हंगामाचा सगळा हिशोब म्हाळूच्या हातात आला. दुसऱ्या दिवशी जोडा होता तसाच दारात. दुपारपर्यंत आम्ही त्या जोड्याला मान देऊन हळू आवाजात बोलत होतो. मग भिवराबाईनं आत डोकावलं. मुकादम अनवाणी पळाला होता.

टपरीवर लोक हसून लोळले. मी म्हणालो, म्हणून सांगतो, पैसे सांभाळणारा माणूस अनवाणी दिसला की समजायचं. आणि तुझं खोकं दाखवून म्हणालो, मी तर आमच्या चेअरमनच्या पायाची सोय केलीय. पंडित तर इतका हसला की चहा नाकात गेला.

चप्पल घाल. लाजू नको.

गहिनीनाथ


चौसाळा,
६ मे १९८७

गहिनीनाथ,

खोके पोचले. पंडितने ते बसस्थानकापासून डोक्यावर धरून आणले आणि वाटेत विचारणाऱ्या प्रत्येकाला आत काय आहे व कोणी दिले ते सांगितले.

काल बाजार होता. सकाळी सातलाच पतसंस्थेपुढे रांग लागली. ठेव ठेवायला नव्हे. वस्त्यावस्त्यांवरून माणसे आली होती, बाया जास्त. कोणी भांडत नव्हते. सगळे माझ्या पायांकडे बघत होते आणि पैसे मोजून घेत होते. दुपारी चारपर्यंत एकोणीस हजार गेले. पुढच्या बाजारीही पुरवता येईल. तिसऱ्या बाजारी, म्हणजे एकोणीस तारखेला, तिजोरीत देवाचा फोटो तेवढा उरेल.

भिवराबाई अजून आलेली नाही.

खोके कपाटावर ठेवले आहे. उघडले नाही.

सिद्धेश्वर


परळी वैजनाथ,
९ मे १९८७

अप्पा,

वाचून चटका बसला. लोक लई हरामी, दुसरं काय. कुणी उठवली असेल ही अफवा? तुझ्या त्या सेक्रेटरीवर नजर ठेव. तोंड वाकडं करणारा माणूस कान सरळ ठेवत नाही. किंवा तुझ्या शेजारची दुसरी पतसंस्था, आप्पाराव चेअरमनची. तुझं बुडालं की त्याचं तरलं.

यात पैशाचा दोष नाही बरं का. पैसा म्हणजे काय? पुढचा माणूस घेईल म्हणून आपण घेतलेला कागद. नोटेवर लिहिलेलंच असतं की इतके रुपये देण्याचं वचन देतो. म्हाळू मुकादमही असंच म्हणायचा, फरक एवढाच की त्याची सही वाचता यायची. देवाचंही तेच. शेजारी नारळ फोडतो म्हणून आपण फोडतो, आणि आपण फोडला हे बघून तिसरा फोडतो. पहिला कुणी फोडला ते विचारायचं नसतं. तुझ्या पतसंस्थेत आता उलटं चाललंय, नारळाऐवजी पाय.

उपाय सोपा आहे. चप्पल घालून बाजारातून दोन चकरा मार. करकर वाजू दे. मी माझ्यातर्फे चाळीस हजार पोत्यात घालून तिसऱ्या बाजारी जीपनं येतो, दारात पोतं सोडतो, सगळ्यांसमोर मोजायला लावतो. रांग पांगते की नाही बघ.

तुझा नेहमीचा,
गहिनीनाथ


चौसाळा,
१२ मे १९८७

गहिनीनाथ,

आज दुसरा बाजार झाला. बावीस हजार गेले.

सेक्रेटरीवर नजर ठेवायची गरज नाही. रांगेतली प्रत्येक बाई एकच गोष्ट सांगते आहे. मुकादम, दारातला जोडा, अनवाणी पळणे. ती गोष्ट इथे तुमच्या टोळीबाहेर कोणाला माहीत नव्हती. भिवराबाईला आणि टोळीतल्या बाकीच्यांना माहीत होती, पण फसल्याच्या लाजेपोटी त्यांनी ती कोणाला सांगितली नाही. म्हाळू स्वतः सांगणार नाही. तुझ्या सत्तावीस एप्रिलच्या पत्राचे दुसरे पान सोबत परत पाठवतो. वाचून पाहा.

रागावलो नाही. तू मला मदत करत होतास, हे मला समजते. फक्त तुझी मदत एसटीने येते आणि तुझी जीभ तिच्या आधी पोचते.

चप्पल मी घालणार नाही. का, ते विचारू नकोस.

सिद्धेश्वर


परळी वैजनाथ,
१४ मे १९८७

अप्पा,

पान वाचलं. माझंच अक्षर. लपवायला जागा ठेवलेली नाही.

नऊ तारखेला तुला लिहिताना मला ठाऊक होतं. टपरीवरच्या हमालानं मला विचारलं होतं की शेठ, तुमचा चौसाळ्याचा मुकादम पळाला का? तेव्हाच मला कळलं की गोष्ट गाडीत बसून गेलीय. तरी तुला सेक्रेटरीचं नाव सांगितलं. लोकांना हरामी म्हणालो तेव्हा मी आरशात बघत नव्हतो एवढंच.

तू चप्पल कावून घालत नाहीस ते मी विचारत नाही. पण भिवराबाईचे पैसे बुडाले तर त्या बाईला दुसऱ्यांदा फसवणारा मी असेन, आणि या खेपेला तर मी पळूनही गेलो नाही. म्हाळू निदान पळाला होता.

एकोणीसला पोतं घेऊन येतोय. नाही म्हणू नको.

गहिनीनाथ


तार
चौसाळा, १६ मे

पैसे आणू नको. चप्पल पुरे झाली. सिद्धेश्वर.


चौसाळा,
२४ मे १९८७

प्रिय गहिनीनाथ,

तुला थांबवले ते अशासाठी. आधी परळीहून चप्पल आली तेव्हा लोक म्हणाले, चेअरमनला पायताण भिकेत मिळाले. पोते आले असते तर म्हणाले असते, पैसाही भिकेत आला, तो तरी किती दिवस पुरणार. तुझ्याकडे पैसा आहे याबद्दल लोकांना शंका नाही. तो परत नेशील याबद्दलही नाही.

एकोणीसचा दिवस सांगतो. रांग कडुनिंबापर्यंत गेली होती आणि पहिली उभी होती भिवराबाई. पहाटे वस्तीवरून चालत आली होती. माझ्याशी बोलली नाही. कॅशियरने चार हजार तीनशे आणि व्याज मोजून दिले. तिने तीनदा मोजले, पदरात बांधले, कमरेला खोचले आणि पायरीवर बसली. जायला बस नव्हती. तिच्यानंतर सात-आठ जणांना देण्याइतकेच पैसे होते, ते कॅशियरला आणि मला माहीत होते.

साडेअकराला टँकर आला. रांगेतल्या बाया घशाला कोरड पडून उभ्या होत्या; पण पाण्याला गेले तर नंबर जाईल, म्हणून कोणी हलेना. मग मीच घागर भरून आणू लागलो. टँकर रस्त्याच्या पलीकडे, मधे डांबर, आणि आमच्या दारातली शहाबादी फरशी. चौथ्या खेपेला पाय टेकवत नव्हता. मी टाचांवर चालत होतो. लोक बघत होते. कोणी हसलेही.

भिवराबाई पायरीवरून म्हणाली, "चेअरमन, बसा हितं." मी बसलो. तिने माझा पाय हातात घेऊन बैलाचा खूर बघावा तसा बघितला. तळव्याला फोड होते. काही जुने, काही त्याच दिवसाचे.

"पळणाऱ्याचे पाय असे नसत्यात," ती म्हणाली. "पळणारा एकदाच अनवाणी व्हतो. हे महिन्यादीडमहिन्याचं हाय. नवस हाय का?"

मी पाय मागे घेऊ लागलो, तिने सोडला नाही.

"कुणाला सांगितलाय?"

मी मान हलवली.

"वयनीला बी न्हाई?"

"नाही."

"मंग राती घरात चप्पल घातली तर कुणाला कळलं असतं?"

"कुणाला नाही."

तिने माझा पाय खाली ठेवला. मग उठली, रांग ओलांडून खिडकीपाशी गेली आणि पदराची गाठ सोडली. मागची बाई म्हणाली, मावशी, नंबर लावा. भिवराबाईने तिच्याकडे वळूनही पाहिले नाही. कॅशियरला म्हणाली, "घे ठेवून. जो देवाला कुणी बघत न्हाई तवा बी फशिवत न्हाई, त्यो मला दिवसाढवळ्या काय फशिवणार?"

रांग लगेच पांगली नाही. लोक एवढे भोळे नसतात. पण पुढच्या दोघी बाजूला झाल्या, मग त्यांच्यामागचे विचारू लागले की त्या का निघाल्या, काहींनी आधीच्या बाजारी नेलेले पैसे परत आणून ठेवले, आणि संध्याकाळी पाच वाजता तिजोरीत सकाळपेक्षा जास्त पैसे होते.

आता गावालाच कळले, तर तुलाही सांगतो. लिंबागणेशच्या गणपतीपुढे बोललो होतो की आपल्या ओढ्याला पाणी येईपर्यंत पायात काही घालणार नाही. नवस बोलून दाखवला की फळ जाते म्हणतात, म्हणून कोणाला सांगितला नव्हता. आता फळाची खात्री नाही.

सिद्धेश्वर


परळी वैजनाथ,
२२ ऑगस्ट १९८७

अप्पा,

तीन महिने लिहिलं नाही. हिंमत होत नव्हती. पण आता जे ऐकतोय ते ऐकून हात शिवशिवायला लागला.

आधी एक शंका. तू गळ्यात शिवलिंग बांधून हिंडणारा माणूस, आणि पावसाचा अर्ज घेऊन गेलास त्याच्या पोराकडे? बापाला डावलून? खात्यात वशिला असा लावला की काम लांबतं, हे दोन वर्षं सोसायटी चालवून तुला कळलं नाही? मग पाऊस कसा यावा. श्रावण संपत आला, आकाश आपलं कोरडंच.

आता बातमी. पंडित सांगतो की तुझ्याकडे ठेवी वाढल्या म्हणून आप्पाराव चेअरमननंही बूट सोडले. त्याचं बघून आणखी तिघांनी. तुमच्या भागात आता पाच पतसंस्थांचे चेअरमन अनवाणी आहेत. आप्पाराव जीपमधे बूट घालतो, पतसंस्था दिसली की काढतो. जीपमधे चामडं, जीपखाली भक्ती. ठेवीदार आता व्याजदर विचारत नाहीत, टाच बघतात. एकानं म्हणे वीट घासून टाचेला भेगा पाडल्या. वीट माझ्याच भट्टीची निघाली तर नवल नको.

म्हणजे बघ, तुझे पाय तेच. एप्रिलात त्याच पायांनी पतसंस्था बुडत होती, मेपासून त्याच पायांनी तरतेय. लोकांना खरं काय ते हवंच नसतं, खूण हवी असते. आणि खूण एकदा खपली की बाजारात नकली यायला आठवडा लागत नाही. देवळात, बँकेत, निवडणुकीत, सगळीकडे हाच धंदा. मी हे हसून लिहितोय, पण पहिली खूण विकायला मीच काढली होती, हेही विसरलो नाही.

ते चाळीस हजार मी तुझ्याकडेच ठेवणार आहे. बाजाराचा दिवस सोडून येईन, पोत्यातून नाही, पिशवीतून.

आणि मी पण एक नवस बोललोय. चौदा मेपासून टपरीवर एकही गोष्ट सांगितली नाही. लोक विचारतात, शेठ आजारी का? चप्पल सोडणं सोपं आहे बे, गोष्ट सांगायची सोडून बघ. कुठल्या देवाला बोललो ते सांगत नाही. फळ जाईल.

गहिनीनाथ


चौसाळा,
१८ ऑक्टोबर १९८७

प्रिय गहिनीनाथ,

परतीच्या पावसाने ओढ्याला पाणी आले. फार नाही, गुडघाभर, तेही दोन दिवस. पण मी किती पाणी ते बोललो नव्हतो, म्हणून नवस फिटला असे धरले. लिंबागणेशला जाऊन नारळ फोडला. घरी येऊन कपाटावरचे खोके उघडले. चप्पल बरोबर मापाची निघाली. लाथा तुझ्या खरोखरच लक्षात आहेत.

तीन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी ती घालून पतसंस्थेत गेलो. करकर ऐकून सेक्रेटरी उभा राहिला आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले. दुपारी संचालक मंडळाची तातडीची सभा बोलावली. माझ्याखेरीज सर्वांनी एकमताने ठराव केला. शब्दशः लिहितो: "ठेवीदारांच्या विश्वासास तडा जाऊ नये म्हणून मा. चेअरमन साहेबांनी कार्यालयीन वेळेत व कार्यक्षेत्रात पादत्राणे वापरू नयेत." सूचक सेक्रेटरी. अनुमोदन देणाऱ्याचा स्वतःचा जोडा टेबलाखाली चकाकत होता.

मी म्हणालो, ओढ्याला पाणी आले, नवस फिटला. सेक्रेटरी म्हणाला, "साहेब, ते तुमचं आणि गणपतीचं. ठेवीदारांचं कुठं फिटलं?"

 गणपतीला बोललेल्या नवसाला शेवट होता. ठरावाला नाही.

तेव्हा तुझी चप्पल मी घरून पतसंस्थेपर्यंत, मागच्या गल्लीने, घालून येतो आणि उंबऱ्याबाहेर काढून ठेवतो. तुझी पिशवी आली की ती ठेव बारा टक्क्यांनी ठेवीन, सगळ्यांसारखी.

भिवराबाईच्या गिरणीला कर्ज मंजूर केले. दगड तिने सांगितला त्याच खाणीचा आला. हप्ता भरायला ती दर बाजारी येते. पायऱ्या चढते, उंबऱ्याबाहेरच्या चप्पलकडे बघते, थांबते. मग दारातून आत डोके घालून मी खुर्चीवर आहे की नाही ते बघते, आणि तेवढ्यानंतरच पदराची गाठ सोडते.

तुझा,
सिद्धेश्वर